सोलापूरच्या उन्हात फोन दम टाकतोय: ओव्हरक्लॉक करू की अंडरव्होल्ट?

उन्हातला_स्वार (जुळे सोलापूर), सोमवार रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी एका औषध दुकानाची घरपोच डिलिव्हरी करतो. सकाळी अकराला निघतो ते संध्याकाळी सहापर्यंत रस्त्यावर. सैफुल, विजापूर रोड, होटगी रोड, कधी पार अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीपर्यंत. फोन हँडलला अडकवलेला. नकाशा चालू, डेटा चालू, उन्हात दिसावं म्हणून स्क्रीन पूर्ण उजेडावर.

मार्चपर्यंत अडचण नव्हती. आता दुपारी एकनंतर नकाशा मागे पडतो. मी आसरा चौक ओलांडून पुढे गेलेलो असतो आणि बाण अजून चौकातच उभा. फोन वाजला तर उचलायला चार-पाच सेकंद लागतात. काल एका आजींना इन्सुलिन पोचवायचं होतं, त्यांच्या मुलाचा फोन मला दोनदा उचलताच आला नाही. इन्सुलिन थंड पिशवीत होतं म्हणून निभावलं, पण त्या गल्लीत मी वीस मिनिटं फिरत होतो.

फोन २०१७ चा. आठ ए५३ कोअर, २.० गिगाहर्ट्झ, १४ नॅनोमीटर, ३ जीबी रॅम. बूटलोडर अनलॉक आहे, रूट आहे, म्हणजे कंपनीचं कुलूप काढून आतल्या सेटिंग बदलता येतात. एक कस्टम कर्नेल (फोनच्या सॉफ्टवेअरचा कुणीतरी बदललेला गाभा) मिळालाय, त्यात २.२ गिगाहर्ट्झपर्यंत ओव्हरक्लॉक, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेग, करता येतं आणि व्होल्टेजचं टेबलही (कुठल्या वेगाला किती व्होल्टेज ते) बदलता येतं. मला वाटतंय २.२ वर नेला तर जरा जोर येईल. पण बरेच जण अंडरव्होल्ट करा, म्हणजे वेग तोच ठेवून व्होल्टेज कमी करा, म्हणतात. नवा फोन या वर्षी जमणार नाही. काय करू?

पूर्वभाग, सोमवार रात्री १०:०५

भावा, बिनधास्त २.२ कर. माझ्याकडे असाच फोन हाय, दिवाळीपासून २.२ वर चालवतोय. बेंचमार्कचा (वेग मोजणाऱ्या ॲपचा) आकडा वाढला, ॲप लई पटापट उघडतात. एकदा पण आपोआप रीस्टार्ट झाला नाही.

नवीपेठ_दुरुस्ती, सोमवार रात्री १०:३०

स्वार भाऊ, माझं नवी पेठेत दुरुस्तीचं दुकान आहे. कर्नेलचं इथले जाणकार सांगतील, मला आधी एवढं सांगा. सकाळी आठला, घरात पंख्याखाली, हाच नकाशा नीट चालतो का? आणि फोन पाठीवर सपाट टेबलावर ठेवून कोपऱ्याला बोटाने दाबला तर तो डुलतो का?

उन्हातला_स्वार, सोमवार रात्री १०:४२

ताई, सकाळी एकदम झकास चालतो. डुलायचं म्हणाल तर किंचित डुलतोय असं वाटतं, पण कव्हर जुनं आहे म्हणून असेल.

दमाणी_नगर, सोमवार रात्री ११:५०

सकाळी झकास, दुपारी मरगळ. म्हणजे तुमच्या प्रोसेसरमध्ये ताकद आहे, ती उष्णतेमुळे वापरता येत नाही. हे नीट मांडतो, जरा लांबेल.

चिप चालताना जी वीज खाते तिचा मोठा भाग व्होल्टेजचा वर्ग गुणिले फ्रिक्वेन्सी या हिशेबाने वाढतो. वर्ग हा शब्द महत्त्वाचा. २.० वरून २.२ केलं तर फ्रिक्वेन्सी १० टक्के वाढली. पण त्या वेगाला ट्रान्झिस्टर वेळेत उघडझाप करायला हवेत, म्हणून व्होल्टेजही वाढवावं लागतं. समजा ते फक्त ५ टक्के वाढलं. १.०५ चा वर्ग १.१०, त्याला १.१ ने गुणलं की १.२१. दहा टक्के वेगासाठी एकवीस टक्के जास्त वीज, आणि ती सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. उलट व्होल्टेज ५ टक्क्यांनी खाली आणलं तर ०.९५ चा वर्ग ०.९०. वेग तोच, वीज दहा टक्के कमी. शिवाय चिपमध्ये गळतीचा प्रवाह असतो, तो काम नसतानाही वाहतो आणि चिप तापली की वाढतो. म्हणजे गरम चिप स्वतःलाच आणखी गरम करते.

आता सोलापूरचं. फोनमध्ये पंखा नाही. आतली उष्णता पाठीतून आणि काचेतून हवेत जाते, आणि किती जाते ते फोन आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. फोनची पाठ ४५ अंशांच्या आसपास पोचली की बहुतेक फोन वेग उतरवायला लागतात असं धरू. पुण्यात जानेवारीत हवा २५ अंश असेल तर फरक २०. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी सावलीतच ४१-४२ असतं, फरक उरला तीन-चार. म्हणजे उष्णता बाहेर टाकायची वाट पाचपटीने अरुंद झाली. त्यावर थेट ऊन काळ्या पाठीवर पडतं, ते वेगळंच. अशा वेळी २.२ काय, २.० सुद्धा फोनला झेपत नाही. थर्मल नियंत्रण, म्हणजे फोन तापला की वेग उतरवणारी आतली व्यवस्था, त्याला १.४ किंवा १.० वर ओढून ठेवतं. तुम्ही पाटी २.२ ची लावाल, गाडी मात्र पहिल्याच गिअरमध्ये राहील.

पूर्वभाग यांचा अनुभव मी खोटा म्हणत नाही. बेंचमार्क दोन मिनिटांत संपतो, तेवढ्यात फोन तापत नाही. तुमची शिफ्ट सात तासांची आहे.

पूर्वभाग, मंगळवार सकाळी ७:५५

दमाणी नगर सर, रात्री हे वाचलं आणि वडिलांना सांगितलं. आमचे पूर्वी आठ माग होते, टॉवेलचे. ते म्हणाले, मोटारीची पुली बदलून माग पळवला की पहिल्या तासाला कापड जास्त निघतं. मग ताण्याचे धागे तुटायला लागतात, माग थांबवून गाठी मारत बसावं लागतं, आणि दिवसाच्या शेवटी मीटर तेवढेच, कधी कमीच. मी आज दुपारी गच्चीवर सावलीत तोच बेंचमार्क सलग पंधरा मिनिटं चालवून बघतो आणि लिहितो.

उन्हातला_स्वार, मंगळवार सकाळी ८:२०

दमाणी नगर दादा, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. एक शंका. व्होल्टेज कमी करून चालतं तर कंपनीने आधीच कमी का नाही ठेवलं?

दमाणी_नगर, मंगळवार सकाळी ९:१०

रास्त प्रश्न आहे. एकाच वेफरमधून (सिलिकॉनच्या चकतीतून) कापलेल्या दोन चिप सारख्या निघत नाहीत. एकीला अमुक वेगासाठी कमी व्होल्टेज पुरतं, दुसरीला जास्त लागतं. कारखान्यात तपासणी करून प्रत्येक चिपमध्ये तिचा गट कायमचा नोंदवला जातो. क्वालकॉमच्या जुन्या चिपमध्ये याला पीव्हीएस म्हणत, सॅमसंगच्या एक्झिनॉसमध्ये एएसव्ही. २०१३ च्या नेक्सस ५ फोनमध्ये क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन ८०० होती, तिचा गट कर्नेलच्या लॉगमध्ये (नोंदींत) दिसायचा आणि लोक उत्सुकतेने आपला गट शोधायचे. चांगल्या गटाला तोच २.२६ गिगाहर्ट्झ वेग कमी व्होल्टेजवर मिळायचा.

पण गट केले तरी प्रत्येक गटातल्या सगळ्यात अशक्त चिपलाही ते टेबल पुरलं पाहिजे. थंडीत, उन्हात, बॅटरी संपत आली असताना, आणि चार-पाच वर्षं वापरून चिप म्हातारी झाल्यावरसुद्धा. म्हणून वर थोडी शिल्लक ठेवतात. अंडरव्होल्ट करणं म्हणजे ती शिल्लक खाणं. तुमच्या चिपला किती शिल्लक आहे ते दुसऱ्या कुणाच्या आकड्यावरून कळत नाही. कुणी उणे ७५ मिलिव्होल्टवर सुखात असेल, तुमची चिप उणे २५ वर कोलमडू शकते.

गड्डा_यात्रा, मंगळवार दुपारी १२:१५

याहून सोपा उपाय आहे. रूट आहेच, तर थर्मल सेवाच बंद करून टाका. मी केली होती, वेग अजिबात उतरत नाही. कॉलेजात गेम खेळायला हाच उपाय वापरायचो.

नवीपेठ_दुरुस्ती, मंगळवार दुपारी १२:४०

कृपा करून हे कुणी करू नका. मी हात जोडून सांगते. लिथियम आयन बॅटरी साधारणपणे ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते, तिच्या माहितीपत्रकातच ती मर्यादा असते. थर्मल नियंत्रण फक्त प्रोसेसरचा वेग बघत नाही, बॅटरीचं चार्जिंगही तेच आवरतं. मे महिन्यात माझ्या टेबलावर फुगलेल्या बॅटऱ्यांचे फोन रोज येतात. काहींची काच आतून दाबाने उचललेली असते. गाडीवर, चार्जर लावून, उन्हात फिरणारा फोन, आणि त्याचं थर्मल बंद? अंगाजवळ असतो तो फोन.

स्वार भाऊ, गाडीवर चार्जिंग लावता का? आणि ते डुलणं मला आवडलेलं नाही.

गड्डा_यात्रा, मंगळवार दुपारी १:०५

ताई, चार्जिंगचा विचार केला नव्हता. चुकलं माझं. माझी वरची सूचना कुणी वापरू नये.

उन्हातला_स्वार, मंगळवार रात्री ९:१५

हो ताई, बाराच्या सुमारास पॉवर बँक लावतो. नाहीतर चारला फोन बंद पडतो.

पूर्वभाग, मंगळवार रात्री ९:३०

गच्चीवरचा निकाल. पहिल्या फेरीत २.२ पुढे. तिसऱ्या-चौथ्या फेरीपासून आकडा घसरत गेला, आणि शेवटच्या फेऱ्यांत २.० वर ठेवलेल्या निकालापेक्षा खालीच आला. घरात सहा महिने हे मला दिसलं नाही, कारण मी दोन मिनिटांच्या पुढे कधी मोजलंच नव्हतं. मी परत २.० वर आलोय.

दमाणी_नगर, मंगळवार रात्री ११:००

मनापासून आभार, मोजून सांगणारे थोडे असतात.

स्वार, आता तुमच्यासाठी. माझा पहिला सल्ला अंडरव्होल्टचाही नाही. आधी कमाल फ्रिक्वेन्सी खाली आणा. टेबलात प्रत्येक वेगाचं स्वतःचं व्होल्टेज असतं, वेग उतरला की व्होल्टेज आपोआप उतरतं, आणि तेही कंपनीने तपासलेलं. तुमच्या चिपमध्ये २०१६ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे तुमच्या २.० गिगाहर्ट्झच्या, खाली १९५८, १८०४, १६८९ अशा पायऱ्या दिसतील. १६८९ वर अडवा. वेग सोळा टक्के कमी झाला, पण व्होल्टेजही समजा आठ टक्के उतरलं तर विजेचा हिशेब जवळजवळ तीस टक्के खाली येतो. नकाशाला १६८९ भरपूर झाले. यात धोका काहीच नाही, पटलं नाही तर फोन रीस्टार्ट केला की मूळ स्थिती.

तीन दिवस तसं चालवा. मग हवं तर अंडरव्होल्ट. त्याआधी फोटो, संपर्क, सगळ्याची प्रत संगणकावर घ्या, आणि सध्याच्या बूट इमेजचीही (कर्नेल जिच्यात असतो ती फोन सुरू करणारी फाइल). एका वेळी १२.५ मिलिव्होल्टच उतरवा, वरच्या तीन-चार पायऱ्यांवर. सगळ्यात खालच्या पायऱ्यांना हात लावू नका. तिथे व्होल्टेज आधीच तळाला टेकलेलं असतं, बचत नगण्य आणि फोन झोपेतून उठताना अडकण्याची भीती मोठी. 'सुरू होताना लागू करा' ही खूण आठवडाभर तरी करू नका. ती नसेल तर कितीही बिनसलं तरी पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरलं की फोन जुन्या व्होल्टेजवर परत येतो. ती खूण घाईने करून फोन सुरूच न होण्याच्या फेऱ्यात अडकलेले मी पाहिलेत.

तपासणी म्हणजे फक्त ताण देणारं ॲप नव्हे. कॅमेरा, कॉल, नकाशा, आणि रात्रभर नुसता पडून राहून सकाळी उठणं, हे सगळं बघा. सकाळची तपासणी मी मुद्दाम सांगतोय. आजच्या बारीक ट्रान्झिस्टरांत कमी व्होल्टेजवर एक उलटी गोष्ट घडते, चिप गार असताना ती मंद असते आणि गरम झाल्यावर चपळ. दुपारी टिकलेलं व्होल्टेज पहाटे पुरत नाही, असं होऊ शकतं.

आणि एक भीती स्पष्ट सांगतो. व्होल्टेज फारच कमी पडलं तर फोन बंद पडतो, ते निदान दिसतं. थोडंसंच कमी पडलं तर एखादा हिशेब चुकतो आणि फोन चालूच राहतो. ती चूक एखाद्या फाइलमध्ये लिहिली जाते आणि महिन्याने फोटो उघडत नाही. म्हणून जिथे फोन कोलमडला तिथून एक नाही, दोन पायऱ्या वर या.

शेंगाचटणी, बुधवार सकाळी १०:२०

खूप शिकायला मिळतंय. माझा फोन स्नॅपड्रॅगन ८८८ चा आहे, रूट केलाय, पण व्होल्टेजचं टेबल कुठल्याच ॲपमध्ये दिसत नाही. कर्नेल चुकीचा आहे का?

दमाणी_नगर, बुधवार दुपारी १:३०

कर्नेल बरोबर आहे. साधारण २०१७-१८ नंतरच्या वरच्या श्रेणीच्या स्नॅपड्रॅगनमध्ये सीपीयूचा (मुख्य प्रोसेसरचा) वेग आणि व्होल्टेज चिपमधलाच एक वेगळा भाग सांभाळतो. कर्नेल फक्त वेग मागतो, व्होल्टेज किती ते खालीच ठरतं. शिवाय चिप चालता चालता स्वतःची नड मोजून व्होल्टेज कमी-जास्त करते. जी शिल्लक आपण हाताने खात होतो, तिच्यातली बरीच आता चिप स्वतःच खाते.

तुमच्यासाठी जीपीयूची (गेम, चित्रं दाखवणाऱ्या भागाची) वाट उरली आहे. कोनाबेस नावाचं ॲप आहे, ते जीपीयूचं टेबल बदलून बूटच्या इमेजमध्ये परत बसवतं. तिथे मिलिव्होल्ट नसतात, एसव्हीएस, नॉम, टर्बो अशा ठरलेल्या पातळ्या असतात, आणि एखाद्या फ्रिक्वेन्सीला एक पातळी खालची देऊन बघायची. ८८८ ही सॅमसंगच्या ५ नॅनोमीटरवर बनलेली आणि तापण्याबद्दल बरंच लिहिलं गेलेली चिप, त्यामुळे खेळताना फरक जाणवेल. मूळ इमेज संगणकावर ठेवल्याशिवाय मात्र सुरुवात करू नका.

होटगीरोड, बुधवार दुपारी ३:००

ज्यांचा बूटलोडर अजून बंद आहे त्यांच्यासाठी. अनलॉक करताना फोन पूर्ण पुसला जातो. नंतर बरीच बँकेची आणि पैसे पाठवायची ॲप चालायला नकार देतात. सॅमसंगच्या फोनमध्ये नॉक्स या सुरक्षा व्यवस्थेची खूण एकदा बदलली की परत येत नाही. डिलिव्हरीवाल्याने रोखीऐवजी क्यूआरवर पैसे घ्यायचे असतील तर हे आधी तपासा. रूट न करताही बॅटरी सेव्हर लावणं, स्क्रीनचा रिफ्रेश रेट ६० वर आणणं एवढं करता येतं, आणि तेही कमी नाही.

उन्हातला_स्वार, पुढच्या बुधवारी रात्री १०:००

मंडळी, आठवड्याचा हिशेब देतो.

पहिले तीन दिवस फक्त १६८९ ची मर्यादा. पहिल्याच दुपारी फरक कळला. नकाशा पूर्वीसारखा उडत नाही, पण मागेही राहत नाही. दुपारी दोनला बॅटरीचं तापमान आधी ४८ दाखवायचं, आता ४४-४५. सात रस्त्याच्या सिग्नलला उभा असताना फोन आला, पहिल्या रिंगला उचलला.

मग अंडरव्होल्ट. उणे १२.५, उणे २५, उणे ३७.५, दरवेळी एक दिवस. काही बिघडलं नाही. उणे ५० वर दिवसभर उन्हात उत्तम चालला. मला वाटलं जमलं. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला गजर वाजता वाजता फोन बंद होऊन परत सुरू झाला. दादा, तुम्ही म्हणालात तेच, गार असतानाच कोलमडला. दोन पायऱ्या वर येऊन उणे २५ वर थांबलोय. आज दिवसभर ठीक आहे. सुरू होताना लागू करायची खूण अजून केलेली नाही, रोज सकाळी हाताने लावतो.

हँडलवर फोनला पांढऱ्या पुठ्ठ्याची छोटी झडप केलीय, ऊन पाठीवर पडत नाही. खरं सांगायचं तर उणे २५ ने जेवढं केलं त्यापेक्षा त्या पुठ्ठ्याने जास्त केलं. पॉवर बँक गाडीवर लावणं बंद केलं, जेवायला दुकानात येतो तेव्हा पंख्याखाली लावतो. आता सहापर्यंत पुरतो.

दमाणी_नगर, पुढच्या बुधवारी रात्री १०:२५

पुठ्ठ्याचं ऐकून फार बरं वाटलं. मी एवढं गणित लिहिलं आणि सावलीचं सांगायला विसरलो. उणे २५ वरच राहा, आणखी खाली जाऊ नका.

नवीपेठ_दुरुस्ती, पुढच्या बुधवारी रात्री १०:५०

स्वार भाऊ, सगळं छान, पण डुलण्याचं तुम्ही परत काही लिहिलं नाही. फुगलेली बॅटरी व्होल्टेज बदलून बसत नाही. उद्या फोन चार्ज करू नका, साधारण निम्म्यावर येऊ द्या, आणि दुकानात घेऊन या. पाठ मी उघडते, तुम्ही टाचणी-बिचणी घालून उघडू नका.

उन्हातला_स्वार, गुरुवार रात्री ८:३०

ताईंकडे जाऊन आलो. बॅटरी मधोमध फुगलेली होती, कडेला बोट जाईल एवढी. नवी बसवली. आता फोन टेबलावर सपाट बसतो. उद्या सकाळी अकराला निघायच्या आधी व्होल्टेज मूळ ठेवून एक दिवस फिरतो, नव्या बॅटरीवर तापमान किती येतं ते आधी बघायचंय. मग उणे २५ परत लावून दोन्ही आकडे इथे टाकतो.